एकास सत्याऐंशी

झाकण उचललं तर आत स्टेशन उभं होतं. मी झाकण परत लावलं. खोक्याच्या बाजूचा छापील आकडा वाचला, कोपऱ्यावरचा निळ्या शाईचा डाग पाहिला. डाग माझ्याच पेनाचा होता, म्हणजे खोकं तेच. पुन्हा झाकण उचललं. आत स्टेशन उभं होतं. लाल कौलांचं छप्पर, दर्शनी भिंतीला तीन खिडक्या, बाजूला सिग्नलची केबिन, केबिनला जिना. मला सुटे भाग हवे होते. एकशे त्रेचाळीस सुटे भाग, प्लास्टिकच्या सात चौकटींना देठांनी चिकटलेले, चौकटी एकावर एक रचलेल्या आणि मधे तेलकट पिवळा कागद. हे सगळं मला अकरा वर्षांनीसुद्धा पाठ होतं. जून २०१४ मध्ये हे खोकं चार दिवस माझ्याकडे होतं आणि त्या चार दिवसांत मी एकही भाग तोडला नाही, फक्त सगळे मोजले. पंधराव्या वर्षी माझी समजूत अशी होती की आधी मोजणं पुरं करावं, बांधायला काय, आयुष्य पडलंय.

रविवार होता, दुपारचे अडीच. खोकं मी तासाभरापूर्वी लातूरच्या बसस्टँडवरून आणलं होतं. सकाळी नांदेडहून अव्वाचा, म्हणजे आईचा, फोन आला होता. "रुद्रेश, तुझं ते रेल्वेचं खोकं घावलंय बघ. रंगवाले यायलेत म्हणून कपाटं हलवलाव. लातूर गाडीच्या कंडक्टरजवळ दिलेय, एकच्या आत स्टँडवर जा." मी विचारलं, कुठं होतं. "हितंच होतं की. अप्पांच्या कपाटात, सत्काराच्या शालींच्या मागं." मी म्हणालो, ते तर रद्दीत गेलं होतं. मागे रंगवाल्यांची शिडी सरकल्याचा आवाज आला. "अप्पांना सांगू नको मी धाडले म्हणून," ती म्हणाली. "आन् जेवलास का?"

मी जेवलो नव्हतो आणि मग जेवलोच नाही. स्टेशनच्या खाली, खोक्याच्या तळाशी, घडी घातलेला सूचनांचा कागद होता. शब्द जर्मन, पण काम चित्रांवर भागतं. बावीस चित्रं, बावीस पायऱ्या. प्रत्येक पायरीवर लाल पेनानं बरोबरची खूण होती आणि खुणेखाली तारीख. ही खूण मी कुठंही ओळखली असती. डावीकडे आखूड, उजवीकडे लांब, आणि लांब रेघेच्या टोकाला किंचित बाक. अप्पा, माझे वडील, नांदेडच्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवत होते. नांदेडात त्यांच्या या खुणेच्या वह्या अजून लोकांच्या माळ्यांवर असतील. नवव्या पायरीवर फुली होती आणि शेजारी 'पुन्हा करणे'. त्याखाली पुढच्या आठवड्याची तारीख आणि मग खूण. सतराव्या पायरीला त्यांनी स्वतःचा अर्धा मार्क कापला होता. मी खुर्चीत बसून मोबाइलवर जुनी कॅलेंडरं काढली आणि एकेक तारीख तपासली. पहिली ५ जुलै २०१५, शेवटची ३० एप्रिल २०१७. सगळे रविवार.

राग म्हणजे काय हे मला सांगता येत नाही, पण मी तो मोजला. नाडी एकशे चार. बसल्या जागी, पंखा चालू असताना. त्या दोन वर्षांतल्या रविवारी मी कुठं होतो हे मला कॅलेंडरशिवाय सांगता येत होतं. मी इथं होतो, याच गावात, या खोलीपासून दीड किलोमीटरवर, पत्र्याच्या एका हॉलमध्ये तीनशे मुलांच्या बाकांपैकी एका बाकावर, सकाळी नऊ ते बारा, एकशे ऐंशी प्रश्नांची वर्तुळं काळी करत. चार वाजता मार्क अप्पांच्या मोबाइलवर जायचे. सव्वाचारला हॉस्टेलच्या फोनवर अप्पा. "फिजिक्सला काय झालं? ते आठवं गणित तर मी सुट्टीत घेतलतो तुझ्याकडून." त्यांच्या आवाजात थकवा असायचा. मला वाटायचं की माझ्या मार्कांनी ते थकलेत. अकरावीत, बारावीत मी त्या थकव्याचं ओझं रात्रंदिवस वाहिलं. आता मला कळलं की तो माणूस सकाळपासून कमरेत वाकून, जिभेचं टोक दातात धरून, माझं स्टेशन बांधत होता.

खोकं मला दिलं होतं मडिवाळमामानं. अव्वाचा थोरला भाऊ, मुदखेडला रेल्वेत गार्ड. सुट्टीत मी त्याच्याकडे जायचो आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला सिमेंटच्या बाकावर बसून मालगाड्यांच्या वाघिणी मोजायचो. एक म्हातारा ड्रायव्हर निवृत्त होऊन क्वार्टर सोडून गेला, त्याच्या सामानातून मामाला हे मिळालं. कुणीतरी ते त्या ड्रायव्हरला परदेशातून पाठवलं होतं आणि त्यानं कधी उघडलं नव्हतं. तळाशी १९६४ चा शिक्का होता. मामा म्हणाला, "भाच्या, घे. आमच्या मुदखेडपेक्षा बरं ठेसन हाय, हितं गाडी कदीच लेट होत न्हाई." बाजूवर छापलं होतं १:८७. मी ते गुणोत्तर घेऊन घरभर फिरलो. देवघराचं दार दोन सेंटिमीटर. अव्वा एक पूर्णांक आठ दशांश. अप्पा, पाच फूट सात इंच, एक पूर्णांक शहाण्णव शतांश सेंटिमीटर. चौथ्या दिवशी संध्याकाळी अप्पा शाळेतून आले, बूट काढले, खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "दहावीचं वर्ष हाय. परीक्षा झाली की देतो." ओरडले नाहीत. अप्पा ओरडायचे नाहीत. त्यांनी खोकं बंद केलं, स्टूल लोखंडी कपाटाजवळ ओढलं आणि म्हणाले, "स्टूल धर." त्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. ते वर चढले तसं ते डुगडुगलं आणि मी ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं, ते पडू नयेत म्हणून. माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या पायांची नखं होती. खोकं कपाटावर सरकल्याचा खरखर आवाज मी खालून ऐकला. इतक्या वर्षांत मी अप्पांना पुष्कळ गोष्टींसाठी मनातल्या मनात झोडपलंय, पण ते स्टूल धरणारे दोन हात माझे होते आणि त्यांना झोडपायला मला अजून काही सापडलेलं नाही.

दहावी झाली. अठ्ठ्याण्णव टक्के. अप्पा म्हणाले, आता बारावी हाय, दोन वर्षांचा तर प्रश्न हाय. मला लातूरला सोडून ते परत गेले. बारावी झाली, मेडिकलची परीक्षा झाली, मार्क कमी पडले. अजून एक वर्ष घेऊन पुन्हा दिली, पुन्हा कमी पडले. नेमकं त्या निकालाच्या दिवशी, २०१८ च्या जूनमध्ये, मला ते खोकं आठवलं. मी विचारलं. का विचारलं माहीत नाही, बहुतेक आता सगळं संपलंच आहे तर ते तरी द्या, अशी भावना असावी. कपाटावर ते नव्हतं. अप्पा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "माळा आवरताना रद्दीत गेलं आसंल. आता काय करायचंय त्याचं?" मी म्हणालो, काही नाही. मी बी.एस्सी. केलं, एम.एस्सी. केलं, लातूरलाच पाणी तपासणीच्या एका प्रयोगशाळेत लागलो. खेड्यापाड्यांतून बाटल्या येतात, मी त्यांतला फ्लोराइड आणि नायट्रेट सांगतो. काम मला आवडतं. पाण्यात जे असतं ते असतं, दहावी झाली की सांगतो असं त्याला म्हणता येत नाही.

त्या दुपारी मी स्टेशन बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि एखादा नमुना पाहावा तसं पाहिलं. काम वाईट होतं. इतकं वाईट की मला त्याचा आधार वाटला. भाग चौकटीपासून कापायचे असतात. अप्पांनी ते पिरगाळून तोडले होते, प्रत्येकाच्या कडेला देठाचा खुंट तसाच. भिंती पॉलिस्टायरिनच्या, त्यांना विद्रावक लावून दोन कडा विरघळवून एकजीव करायच्या असतात. अप्पांनी फेव्हिकॉल लावला होता. सुतार लाकडाला लावतो तसा, सढळ हातानं, आतून ओघळ सुकलेले. खिडक्यांच्या काचांना त्यांनी झटपट चिकटणारा तो पाण्यासारखा गोंद वापरला होता, आणि त्याची वाफ बसून तिन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या, आतलं काही दिसू नये अशा. कौलांना घराच्या दाराचा गेरूसारखा तेलरंग. आणि स्टेशनच्या नावाच्या पाटीवरचं मूळ जर्मन नाव पिवळ्या रंगानं झाकून त्यावर काळ्या बारीक अक्षरांत, तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, लिहिलं होतं: देवणी. देवणी म्हणजे अप्पांचं गाव. देवणीला रेल्वे नाही. कधी नव्हती. गाडी पकडायची तर उदगीरला जावं लागतं. हे अप्पांना माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि तरी त्यांनी, प्रमेयाच्या शेवटी 'हेच सिद्ध करावयाचे होते' लिहिल्याशिवाय मार्क न देणाऱ्या माणसानं, दुसऱ्याच्या वस्तूवर एक खोटं नाव लिहून टाकलं होतं.

मग मी चौदावी पायरी पाहिली. छप्पर. खाली तारीख १७/४/१६.

त्या वर्षी लातुरात पाणी नव्हतं. हॉस्टेलवर आंघोळीला चार दिवसांनी एक बादली, पिण्याला माणशी दोन बाटल्या. आणि १२ एप्रिलला, मंगळवारी पहाटे, मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली. दहा टाक्या. मला ते आदल्या दिवशी मेसमध्ये कळलं आणि मी साडेचारला उठून चालत स्टेशनला गेलो. लोक होते, पोलीस होते, पण मी कुंपणाच्या कडेनं अशा जागी पोचलो जिथून टाक्या दिसत होत्या. मी मोजल्या. अंधारातून एकेक येत होती, चाकांचा आवाज जड, भरलेल्या वाघिणीचा, मुदखेडच्या बाकावर बसून मला तो फरक कळायला लागला होता. दहावी टाकी थांबली तेव्हा तिच्या झडपेतून थेंब पडत होते आणि एक म्हातारी त्यांच्याखाली पितळी तांब्या धरून उभी होती. मला वाटलं, आयुष्यात इतकं नीट काही पाहिलं नव्हतं. सात वाजताची टेस्ट बुडली. आठला अप्पांना मेसेज गेला, दुपारी तीनला अप्पा लातुरात. हॉस्टेलच्या व्हरांड्यात, चौदा मुलांसमोर, ओरडले नाहीत. "गाड्या बघायला धाडलोय का तुला हितं?" म्हणाले आणि एक कानाखाली दिली. एकच. मग खिशातून रुमाल काढून स्वतःचा घाम पुसला आणि पाचच्या बसनं परत गेले. डाव्या कानात तासभर बारीक शिट्टी वाजत होती. वारंवारता मी त्या वेळी तीन हजार हर्ट्झच्या आसपास धरली होती. तो मंगळवार. १७ तारखेचा रविवार म्हणजे पाचवा दिवस. मला गाडी पाहिल्याबद्दल मारून पाचव्या दिवशी अप्पा नांदेडच्या घरात बसले आणि त्यांनी रेल्वे स्टेशनवर छप्पर बसवलं. आणि लाल पेनानं स्वतःला बरोबर दिलं. पूर्ण मार्क.

मी ठरवलं की हे शून्यावर आणायचं. दुरुस्ती करायची नाही, रंग सुधारायचा नाही. उलटं जायचं. बाविसावी पायरी, एकविसावी, विसावी, पहिलीपर्यंत, एकशे त्रेचाळीस भाग हातात येईपर्यंत, जून २०१४ येईपर्यंत. मग मी बांधीन, माझं मी, पहिल्यापासून. हे शक्य होतं आणि ते शक्य होण्याचं कारणच मला चिडवत होतं. अप्पांनी योग्य गोष्ट वापरली असती तर भिंती एकजीव झाल्या असत्या आणि जगातल्या कुठल्याही रसायनशास्त्रज्ञाला त्या वेगळ्या करता आल्या नसत्या. फेव्हिकॉल कोमट पाण्यात मऊ होतो. पन्नास अंश, चाळीस मिनिटं, मग नखानं ओढलं की सालीसारखा निघतो. बापाला काही येत नव्हतं म्हणून मला माझी वस्तू परत मिळत होती.

पुढचे तीन आठवडे मी कामावरून आलो की हेच केलं. झटपट गोंद पाण्यानं सुटत नाही, ॲसिटोननं सुटतो पण ॲसिटोन प्लास्टिकही खातो. त्याला थंडी लागते. गोठवला की तो काचेसारखा ठिसूळ होतो. मी खिडक्यांच्या भिंती प्रयोगशाळेतल्या फ्रीजरमध्ये, उणे वीसवर, नमुन्यांच्या बाटल्यांमागे ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तनुजानं, आमच्या लॅब असिस्टंटनं, फ्रीजर उघडून हाक मारली. "सर, ह्या घराचा नमुना कोणत्या गावचा हाय? लेबल न्हाई." मी म्हणालो, घर नाही, स्टेशन आहे. "आसं का? मंग गाडी किती वाजता हाय? आमच्या सासूबाईंना बसवून देते." तिला हसू आवरत नव्हतं. मी हसलो नाही. ती बाटल्या मोजून गेली आणि जाताना म्हणाली, "सर, कुणावर चिडलाव म्हणावं?" मी म्हणालो, कुणावर नाही, काम आहे. ती म्हणाली, "हाव, दिसायलंय."

काचा सुटल्या. त्यांच्यावरचा पांढरेपणा मी टूथपेस्टनं, बोटानं, गोल गोल घासून काढला. एकेक काच चौदा मिलिमीटर बाय नऊ, तिला पाऊण तास. खुंट ब्लेडनं छाटून पॉलिश पेपरनं समतल केले. रंग स्पिरिटमध्ये भिजवून काढला. नावाच्या पाटीला स्पिरिट लागलंच नाही, तो पोस्टर कलर होता, शाळेच्या डब्यातला. कोमट पाण्यात धरताच पिवळं ढगासारखं सुटलं आणि 'देवणी' ही तीन अक्षरं क्षणभर पाण्यात आपापली सुटी तरंगल्यासारखी वाटली, मग गेली. मी पाणी ओतून दिलं. त्या वेळी मला जे वाटलं त्याला मी आनंद म्हणेन. मला खोटं बोलायचं नाहीये. भिंतीच्या आतल्या बाजूला मात्र पेन्सिलच्या बारीक रेषा सापडल्या, नव्वद अंशाच्या खुणा, गुण्यानं मारलेल्या, अत्यंत अचूक. त्या मी पुसल्या नाहीत. विसरलो असं नाही. रोज एकदा खोडरबर हातात घ्यायचो आणि दुसरं काहीतरी काढायला लागायचो.

फक्त जिना सुटेना. केबिनचा जिना तीन भागांचा: पायऱ्या, कठडा, वरची फळी. तिथं गोंद नव्हता. भिंगाखाली पाहिलं तेव्हा जोडावर वितळल्याचे बारीक गोल खड्डे दिसले, कडा तपकिरी. बराच वेळ कळेना. मग वास घेतला. आठ वर्षांनंतर वास राहणं शक्य नाही, पण मी घेतला, आणि मला लक्षात आलं की हे उदबत्तीचं टोक आहे. एकोणिसावी पायरी: गोंद धरत नसणार, चिडले असणार, समोर देवघरात उदबत्ती जळत असणार. त्यांनी जळतं टोक टेकवून तिन्ही भाग डागून एक केले होते. अडाणीपणाचा कळस, आणि सबंध स्टेशनात शास्त्रशुद्ध तेवढंच, कारण वितळून एकजीव झालेलं परत फिरत नाही. एकशे त्रेचाळीसचे एकशे एकेचाळीस झाले होते आणि ते तसेच राहणार होते. मी जिना वेगळ्या बशीत ठेवला. बाकीचे भाग प्रयोगशाळेतून बाद झालेल्या काचेच्या बशांत, क्रमांकानुसार, सगळं टेबल भरून.

अप्पा आले ते एका बुधवारी, अव्वाबरोबर. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू. वर्षभर चालढकल चालली होती. "पिकू दे की अजून" म्हणायचे, आणि मोतीबिंदू पिकवण्याचे दिवस गेले हे मी शास्त्रीय आधारासह चार वेळा सांगितलं होतं. शेवटी मी इथल्या दवाखान्यात गुरुवारची वेळ घेतली आणि रजा टाकली. टेबल मी आवरलं नव्हतं. आवरायचं नाही असं ठरवलं होतं. तीन आठवडे मी एक वाक्य तयार करत होतो आणि ते वाक्य म्हणण्यासाठी मला ते टेबल तसंच हवं होतं.

अप्पा आत आले, भिंतीला हात लावून चपला काढल्या, पाणी प्यायले. मग टेबलाशी गेले. आधी त्यांना कळलं नाही; वाकले, आणखी वाकले, नाक बशीपासून चार बोटांवर येईपर्यंत. उजवा डोळा टेबलाला, डावा उगाच उघडा. एक भिंत उचलली. अंगठा तिच्या कडेवरून फिरवला, खालून वर, वरून खाली.

"हितं जोड होता," ते म्हणाले.

"काढला."

"समदा?"

"समदा."

"छपराचा?"

"छपराचा पण."

अव्वा दारात पिशवी धरून तशीच उभी राहिली. अप्पांनी भिंत ठेवली, जिथून उचलली त्याच बशीत, क्रमांक पाहून. पाटी शोधली. ती पाचव्या बशीत होती, जर्मन अक्षरं वर आलेली. ती त्यांनी डोळ्याला लावल्यासारखी धरली.

"धुतलास व्हय?"

"माझं होतं ते, अप्पा," मी म्हणालो. हेच ते वाक्य. तीन आठवड्यांत ते पुष्कळ लांब झालं होतं, त्यात तारखा होत्या, चौदावी पायरी होती, कानाखालची होती, आणि शेवटी तोंडातून एवढंच निघालं, पंधरा वर्षांच्या मुलाच्या आवाजात.

"हाव. तुझंच."

"रद्दीत गेलं म्हणलात."

"मंग काय सांगू? पोरगं तिकडं रगत आटवायलंय आन् बाप हिकडं खेळत बसलाय म्हणून?" ते पाटीकडंच बघत होते. "तू गेल्यावर रविवारचं करमत नव्हतं. एक भाग बसवून बघावं म्हणलो. बसला." मग म्हणाले, "लई झ्याक बसला."

"रुद्रा," अव्वा म्हणाली, "त्यांना कधी काय भेटलं रे? देवणीला असताना पोळ्याच्या बैलांची माती..."

"अव्वा, नको," मी म्हणालो. मला ती गोष्ट ऐकायची नव्हती. ती मला माहीत होती, किंवा तिच्यासारख्या दहा माहीत होत्या. आमच्याकडे कुणाचाही हिशेब मांडायला बसलं की त्याच्या लहानपणाची एक गोष्ट पुढे येते, आणि ती ऐकली की समोरच्याचा राग एकदम हलकट ठरतो. माझा राग माझ्याकडे असलेली एकमेव न उघडलेली वस्तू होती. तो मी कुणाला मातीच्या बैलांवर देऊन टाकणार नव्हतो.

अप्पा खुर्चीत बसले. त्यांनी बशा पाहिल्या, रांगेनं, एक ते एकशे त्रेचाळीस, ओठ हलत होते. मोजत होते. आणि मग त्यांचा चेहरा असा झाला की मी कधी पाहिला नव्हता. वर्गात एखादं अवघड गणित फळ्यावर लिहून झाल्यावर, मुलांकडे वळण्याआधी, कदाचित असा होत असेल. "आता परत बांधायचं ना?" ते म्हणाले. "मी सांगतो कुठला कुठं. नवव्या पायरीला फसशील बघ, चित्रात उलटं दिसतंय. दोघं मिळून केलाव तर आठ दिवसांत..." हात पुढं झाला होता, बशीकडं, बोटं आधीच चिमटीत.

मला माहीत होतं की इथं काय व्हायला हवं. दारातल्या अव्वालाही माहीत होतं, तिनं पिशवी खाली ठेवली होती. बापलेकानं एका टेबलावर बसावं, एकानं धरावं, दुसऱ्यानं चिकटवावं. माझ्या पायांपासून ते मानेपर्यंत प्रत्येक स्नायूला ते नको होतं. अकरा वर्षं वाट बघून, तीन आठवडे खरवडून, मी पहिला भाग हातात घ्यायचा आणि तोही त्यांच्या देखरेखीखाली, लाल पेन खिशात असताना?

"आधी डोळा," मी म्हणालो. "ऑपरेशन झालं की देतो."

मी ओरडलो नाही. माझा आवाज शांत होता, आणि तो कुणाचा आवाज आहे हे मला वाक्य संपायच्या आत कळलं. अप्पांनाही कळलं. त्यांची चिमटी तशीच हवेत राहिली, मग त्यांनी हात मांडीवर घेतला. "बरं," ते म्हणाले.

थांबता आलं असतं. मी बशांतले भाग क्रमानं कागदी पाकिटांत भरले, पाकिटं खोक्यात रचली, मधे कागद घातला. या सगळ्याला वीसेक मिनिटं लागली असतील; अव्वा चहा ठेवायला गेली. भरताना माझ्या लक्षात येत होतं की मी जे करतोय ते रागानं होत नाहीये, राग मघाशीच, 'बरं' ऐकताच, कुठंतरी खाली बसला होता, आणि आता हात आपोआप चालले होते, शिकलेलं काम करावं तसे. झाकण लावलं. कोपऱ्यातलं प्लास्टिकचं स्टूल कपाटाजवळ ओढलं आणि खोकं घेऊन वर चढलो. फरशी तिथं थोडी खाली गेलेली आहे. स्टूल डुगडुगलं.

मी काही म्हणालो नव्हतो. अप्पा उठले, भिंत चाचपत आले आणि त्यांनी स्टूल धरलं. ते स्थिर झालं. मी खोकं कपाटावर सरकवलं, पार मागं, भिंतीला टेकेपर्यंत. खरखर आवाज झाला, वरून तो वेगळा ऐकू येतो, लहान. मग मी खाली टेबलाकडं पाहिलं. सगळ्या बशा रिकाम्या होत्या. जिन्याच्या वेगळ्या बशीकडं माझी नजर गेली. जिना मी पाकिटात भरलाच नव्हता, आणि तीही रिकामी होती.

मी खाली पाहिलं. अप्पांचं डोकं माझ्या गुडघ्यापाशी होतं, विरळ झालेलं, मान वाकवलेली. स्टूल त्यांनी एकाच हातानं धरलं होतं. दुसरा हात सदऱ्याच्या खिशात होता, मूठ आवळलेली, कापडातून दिसत होती.

मी दोन्ही हातांनी धरलं होतं.